भूमीदेवाला कबूल केलेला सिनेमा

आबूचं, म्हणजे माझ्या सासूचं, वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी आपांनी, माझ्या सासऱ्यांनी, बॅग भरली.

बॅग कसली, साखर कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली निळी पिशवी ती. दोन सदरे, लोकरीची टोपी, दाढीचं सामान, आबूचा एक छोटा फोटो. पिशवी त्यांनी दाराशी, चपलांच्या कपाटाशेजारी ठेवली आणि मला म्हणाले, "बेंगचू, देवाचा सिनेमा तेवढा उरकून टाकू. मग मी निघतो."

कुठं निघणार ते विचारायची गरज नव्हती. कालव्यापलीकडे म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे. माझ्या सासऱ्यांनी कुणाला न विचारता तिथं खोली सांगून ठेवली होती. नवरा ताइचुंगला कारखान्यात असतो, सुट्टीला तेवढा घरी येतो. तो फोनवर म्हणाला, "आपांना हवं ते करू दे ना. तू एकटी किती जणांकडे बघणार?"

बघणं हे तर माझं कामच होऊन बसलं होतं. माझी मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली तेव्हा एवढीशी दिसायची, म्हणून आबूनं तिला 'टाऊ' म्हणायला सुरुवात केली. टाऊ म्हणजे घेवड्याचा दाणा. त्या काचेतून तिची छाती वरखाली होते की नाही, एवढंच मी बघत बसे. पुढं ती घरी आली, रांगली, चालायला लागली, आता तर दिवसभर बडबडते. पण माझी नजर काही सुटली नाही. आणि आबू गेल्यापासून दुपारी आपा आडवे झाले की मी त्यांच्याही दाराशी जाऊन उभी राहते. पंखा चालू असला की बनियन उगाच हलतं आणि फसगत होते. म्हणून मी पोटाकडे बघते.

आपांना आजार असा काही नव्हता. ते फक्त थांबले होते. विचारलं "जेवलात?" की म्हणायचे "जेवलो." पातेल्यातली भाताची पेज मात्र जशीच्या तशी असायची. रेडिओवर कापड पडलेलं होतं. पूर्वी सकाळी तो रेडिओ लागला की त्यावरचा औषधविक्या पोटदुखीच्या गोळ्यांची जाहिरात करता करता एखादं जुनं गाणं लावायचा, आणि आपा त्याच गाण्याच्या चालीवर आबूच्या गुडघ्यांचं वर्णन गाऊन दाखवायचे.

खरं तर माझे सासरे बोलण्यावरच जगलेला माणूस. तरुणपणी ते सिनेमा सांगायचे. त्या काळी गावोगाव उघड्यावर परदेशी सिनेमे लागत. त्यातली भाषा कुणाच्या बापाला कळत नसे. म्हणून पडद्याशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा राहायचा आणि नायक, नायिका, सासू, घोडा, सगळ्यांचे आवाज काढत आपल्या बोलीत गोष्ट सांगायचा. आपांनाही ती भाषा येत नव्हती. ते सरळ मनचंच सांगायचे. पडद्यावरच्या सरदाराला ते आमच्या गावचा डुकरांचा डॉक्टर करून टाकत. एका गावात पुढच्या रांगेत एक मुलगी होती. सगळे हसून झाले की ही हसायची, तेही आधी ठसका लागल्यासारखं, मग एकदम. आपा पुढचं वाक्य विसरले. तिच्याशीच त्यांनी लग्न केलं.

पुढं बोलपट आपल्या भाषांत यायला लागले, भोंग्याची गरज संपली आणि आपा कारखान्यात लागले. पण घरी त्यांचा धंदा चालूच राहिला, प्रेक्षक एकच. टाऊला दवाखान्यातून आणलं तेव्हा संध्याकाळी मी तिला छातीवर घेऊन आतल्या खोलीत पडलेली असायची. बाहेर टीव्ही लावून त्याचा आवाज बंद करायचे आपा. बातम्या देणारी बाई त्यांच्या तोंडून शेजारच्या भांडणाच्या बातम्या द्यायची. मंत्री उठून आबूच्या लोणच्याची चौकशी करायचा. आबू शेंगा सोलत बसलेली असायची. आधी ठसका, मग हसू, मग शेंगांची पाटी जमिनीवर. "म्हाताऱ्या, मारशील मला!" आणि माझ्या छातीवरचा तो दाणा मान वळवून आवाजाच्या दिशेनं बघायचा.

तशीच शेंगा सोलता सोलता आबू गेली. डोक्यातली शीर तुटली म्हणाले.

आता देवाच्या सिनेमाचं. टाऊ काचेच्या पेटीत होती तेव्हा आबू एकटीच भूमीदेवाच्या देवळात जाऊन आली होती. नवस देवाशीच बोलायचा असतो, घरात त्याचा तपशील कुणी सांगत नाही. आम्हाला ती एवढंच म्हणाली, "पोर जगली तर सिनेमा कबूल केलाय त्याला." त्यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे देवाला सिनेमा दाखवतातच. गाडी येते, देवळाच्या दाराकडे तोंड करून पडदा लागतो, म्हणजे देवाला बसल्या जागी दिसावा. पुढची रांग त्याच्या पाहुण्यांसाठी मोकळी सोडतात. माणसं आली तर आली, नाही तर नाही.

पण टाऊला सारखा खोकला व्हायचा, म्हणून सिनेमा पुढं ढकलला. मग आबूच गेली. सुतक असलेल्या घरानं वर्षभर देवळाची पायरी चढायची नसते. नवस राहिला. मी रसायनशास्त्र शिकले आहे. खोकला कफानं होतो हे मला कळतं. तरी टाऊ खोकली की प्रत्येक वेळी मला तो न दाखवलेला सिनेमा आठवायचा.

एका सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. देऊळ छोटंच आहे, वडाखाली. आत पांढऱ्या दाढीचा, गुबगुबीत, हसरा भूमीदेव. झाडलोट करणारी ग्योकलान मावशी पायरीवर बसून कलिंगडाच्या बिया सोलत होती. आपांच्या बरोबरीची, जिभेला हाड नसलेली.

"आलास का रे तेकसेंग? मला वाटलं, तूही वर गेलास आणि मला कुणी सांगितलंच नाही."

आपा चपला काढून सरळ आत गेले. एरवी त्यांनी हे वाक्य असं जमिनीवर पडू दिलं नसतं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि बिया सोलायचं थांबवलं.

आपांनी उदबत्ती लावली आणि कौलाच्या कोरी उचलल्या. चंद्रकोरीच्या आकाराचे लाकडाचे दोन लाल तुकडे, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. प्रश्न विचारून ते खाली टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं तर देव 'हो' म्हणाला. दोन्ही फुगीर वर आले तर 'नाही'. आणि दोन्ही सपाट वर आले तर देव हसला. म्हणजे तुझं बोलणं मला पटलंही नाही आणि अमान्यही नाही, नीट विचार. मोठ्या गोष्टीला 'हो' लागोपाठ तीनदा यावा लागतो.

"भूमीदेवा," आपा म्हणाले, "बायकोनं कबूल केलेला सिनेमा आणतोय. येत्या शनिवारी चालेल?"

कोरी पडल्या. दोन्ही सपाट.

"हसला," मावशी म्हणाली.

"रविवारी?"

"हसला."

"मारामारीचा आणू? राजाराणीचा? देवादिकांचा?"

एकदा 'नाही' आला, बाकी सगळी हसणीच. आपांच्या कपाळावर घाम आला. दोन तुकडे किती प्रकारांनी पडू शकतात ते मला माहीत होतं. हसू काही दुर्मिळ नसतं. पण एवढं लागोपाठ पाहून मीही हिशेब सोडून दिला. टाऊ माझा हात सोडून वेदीपुढच्या लाल टेबलाखाली शिरू बघत होती. मी तिला धरून ठेवलं.

"माझी चेष्टा करतोय हा," आपा म्हणाले. आवाज फाटला होता. "एक गोष्ट मागे ठेवून गेली ती, तेवढी पुरी करून मोकळा होतो म्हटलं, तर तेही नाही."

"चिडतोस काय त्याच्यावर?" मावशी म्हणाली. "चाळीस वर्षं बायकोला तरी कधी सरळ विचारलंस का काही? देवालाही वाकडंच विचारतोयस. प्रश्न बदल."

"काय बदलू? तिनं काय कबूल केलं ते तिलाच माहीत."

तेव्हा मला ती बाटली आठवली.

लोकाट नावाच्या फळाच्या चाटणाची बाटली. घसा बसलेल्यांना देतात ते, काळं, दाट, गोड. नवस करून आली त्या दिवसापासून आबू रोज आपांना एक चमचा चाटण द्यायची. आपांना ना खोकला ना काही. ते कुरकुरायचे, "मी काय ऑपेरातली नटी आहे?" तरी ती चमचा पुढं करायची, शेवटपर्यंत. घरात कुणी काय गिळलं याची नोंद माझे डोळे ठेवत होते, तरी हे चाटण कशाला, हे मी कधी मनात घोळवलं नव्हतं.

"आपा," मी म्हटलं, "आबूनं तुम्हाला चाटण कशासाठी दिलं असेल?"

ते माझ्याकडे वळले.

"तिनं नुसता सिनेमा नसेल कबूल केला. विचारून बघा ना. तुम्ही सांगितलेला सिनेमा, असं."

मावशी पायरीवरून उठून उंबऱ्याशी आली. आपा हातातल्या कोरी अंगठ्यानं पुसत राहिले. मला वाटलं, आता ते त्या खाली ठेवतील आणि घरी जाऊन पिशवी उचलतील. मी हे बोलायला नको होतं की काय.

"माझा घसा तिनं परस्पर देऊन टाकला?" शेवटी ते देवाला म्हणाले. हा प्रश्न धरायचा का, कुणास ठाऊक. त्यांनी कोरी टाकल्या.

एक सपाट, एक फुगीर.

मावशीनं हात जोडले. आपांनी पुन्हा टाकल्या. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी त्यांनी त्या इतक्या जोरात टाकल्या की कोरी पडल्या नाहीत, उडाल्या. एक आमच्या पायाशी थांबली, सपाट बाजू वर. दुसरी घरंगळत लाल टेबलाखाली गेली. आणि ती कशी पडली हे बघायला मी, आपा आणि मावशी वाकेपर्यंत टाऊ माझ्या हातातून निसटून आत गेलीही होती.

"टाऊ! हात लावू नकोस!"

बाहेर आली तेव्हा कोर तिच्या मुठीत होती.

असं झालं तर काय धरायचं, हे मावशीलाही माहीत नव्हतं, आणि तिचा जन्म त्या देवळात गेला होता. तिसरा कौल पडला होता आणि तो कुणी पाहिला नव्हता.

टाऊनं कोर कानाला लावली. तिला ती फोनसारखी वाटली असणार.

"हॅलो? आमा?" आजीला ती आमा म्हणायची. "आमा, जेवलीस? हं. हं. मी अंडं खाल्लं." मग तिनं जरा ऐकून घेतलं, डोकं हलवलं आणि कोर आजोबांकडे वर केली. "आकोंग, तुमचा फोन."

मी पुढं होऊन तिला उचलणार होते. देवाची वस्तू, त्यात आपांची ती अवस्था. पण मावशीनं माझं मनगट धरलं.

आपांनी वाकून कोर घेतली आणि कानाला लावली. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मी सवयीनं त्यांच्या खांद्यांकडे, श्वासाकडे बघत राहिले. उदबत्तीची राख पडली.

"काय म्हणते?" मावशीनं हळूच विचारलं.

आपांनी कोर कानावरून काढली, तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणते, तिसराही बरोबरच पडला होता," ते म्हणाले.

वर्षभरात मी ऐकलेली त्यांची ती पहिली थाप. मावशी तोंडाला पदरासारखा रुमाल लावून बाहेर गेली. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

शनिवारी आचुई गाडी घेऊन आला. आचुई देवांना सिनेमे दाखवणारा. त्याचा बापही तेच करायचा. आवाजाची पट्टी बुरशीनं खाल्लेला एक जुना परदेशी विनोदी सिनेमा त्याच्याकडे पडून होता. "काका, ह्यात कोण काय बोलतं ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला. "मग ठीक आहे," आपा म्हणाले.

उजेड उतरला तसा पडदा उजळला. पुढच्या रांगेतली लाल स्टुलं मोकळी. मागं ग्योकलान मावशी, तिच्या दोन मैत्रिणी, सायकल टेकवून उभा राहिलेला एक भाजीवाला, मी आणि टाऊ. आपा पडद्याच्या बाजूला इस्त्रीचा सदरा घालून ध्वनिक्षेपक धरून उभे होते. पडद्यावर एक लठ्ठ गृहस्थ उंच टोपी घालून, काखेत बदक घेऊन सासुरवाडीला निघाला होता. तो चालत राहिला, घसरला, उठला, पुन्हा चालायला लागला. आपा गप्प. भाजीवाल्यानं सायकलचा स्टँड काढला.

मग आपा खाकरले. वर्षभर न उघडलेल्या नळासारखा आवाज आला, आधी हवा, मग गंज.

"हे आमचे तेकसेंग," ते म्हणाले. "बायकोनं सांगितलं, माझ्या माहेरी जा, पण माझ्या भावाला घेऊन जा. हा काखेत आहे तो भाऊ."

मावशीच्या मैत्रिणींपैकी एक फिसकन हसली. भाजीवाल्यानं स्टँड पुन्हा लावला.

लठ्ठ गृहस्थानं एक दार ठोठावलं. झालरींचा झगा घातलेल्या बाईनं खिडकी उघडली.

"वहिनी, मी डुकरांचा डॉक्टर. डुकराला ताप आहे म्हणे?"

"डुकराला नाही हो, ह्यांना!"

आता मावशीही हसली. आपा मात्र हसवत नव्हते, म्हणजे चेहऱ्यानं तरी नाही. ते पडद्याकडे असं बघत होते जसं कुणी दूरचं गाव ओळखायचा प्रयत्न करतं. मध्येच वाक्य अडायचं, बाईचा आवाज पुरुषाचा व्हायचा. एकदा तर त्यांनी बदकालाच सासू केलं आणि तसंच पुढं रेटलं. अशी एक जागा आली: बदक सुटून जेवणाच्या टेबलावर चढलं, सगळे पाहुणे उभे राहिले आणि आपा म्हणाले, "बसा, बसा. ते जेवायला नाही आलं. ते जेवणच आहे."

माणसं हसली. हसून झाली. आणि आपा पुढचं बोलेचनात.

पडद्यावर ओठ हलत होते. आचुईनं यंत्राआडून मान वर काढली. त्याला वाटलं, विसरले. मला माहीत होतं, विसरले नव्हते. सगळे हसून झाल्यावर आबूसाठी जी जागा ते सोडायचे, ती त्यांनी सोडली होती. ती कुणी भरणार नव्हतं. ध्वनिक्षेपक हळूहळू खाली येत होता. तेवढ्यात माझ्या मांडीवर टाऊला ठसका लागला.

मी झटकन तिच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली शोधायला लागले. आज नको, आज तरी नको. पाठ हाताखाली हलत होती. मग मला कळलं, हा खोकला नव्हता. तो ठसका उघडला आणि आतून हसू बाहेर आलं, एकदम, उशिरा, सगळ्यांच्या मागून.

आपांनी वळून पाहिलं. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा मला दिसला. त्याचं वर्णन मला करता येणार नाही. ध्वनिक्षेपक पुन्हा तोंडाशी गेला आणि ते बोलायला लागले, आता न थांबता.

शेवटचं रीळ चढवायचं राहिलं तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. आचुई विचारत होता, "चढवू का, काका?" आपांनी हात वर करून त्याला थांबवलं. देवळाच्या उघड्या दाराकडे तोंड केलं. आत दिव्यांच्या उजेडात तो पांढऱ्या दाढीचा म्हातारा हसत बसला होता.

"भूमीदेवा," आपा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज एवढंच. घसा गेला. उरलेलं पुढच्या वेळी. तुम्हालाही कुठं जायचं नाही, मलाही नाही."

"अरे, पण त्या बदकाचं काय झालं?" मावशी ओरडली. "कापलं की नाही?"

"कळेल," आपा म्हणाले.

आचुई कपाळाला हात लावून म्हणाला की महिनाभर त्याला दुसरीकडे जायचंय. "मग त्यानंतर," आपा म्हणाले, आणि पडदा गुंडाळायला त्याला मदत करू लागले. टाऊ माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिचा श्वास ऐकत उभी होते. आपा माझ्याजवळ आले.

"बेंगचू, ते चाटण आहे का गं, की फेकलंस?"

"आहे," मी म्हटलं. "कपाटात, मागच्या बाजूला."